एक्केचाळीस नंबरचा पत्ता

मनुष्याच्या अंगी जे सद्गुण संभवतात, त्यांपैकी औदार्य हा एकच असा आहे की जो एकट्यानं करता येत नाही. खरं एकट्यानं बोलता येतं (ऐकायला कोणी नसलं तर जास्तच सोपं जातं). संयम दार लावून पाळता येतो. औदार्याला मात्र किमान तीन माणसं लागतात: एक देणारा, एक घेणारा आणि एक बघणारा. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून अशी नेमकी तीन माणसं आहेत. त्यांतला एक मी. हे अभिमानानं सांगत नाही, नोंद असावी म्हणून सांगतो.

आमच्या संस्थेचं नाव 'कर्जत-खालापूर चंडोल पत्ता संग्राहक व ब्लॉगलेखक स्नेहमंडळ'. अध्यक्ष नम्रता, राहणार शेलू, नव्या वसाहतीत अकराव्या मजल्यावर, नोकरी ऐरोलीला विमा कंपनीत. उपाध्यक्ष आबाजी, चौकला जुन्या हायवेवर त्यांचं गॅरेज आहे. कार्यवाह मी, मुक्काम भिवपुरी, सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त. सामान्य सभासद: शून्य (सामान्य व्हायला कोणी तयार नसल्यानं). तिघांचे तीन ब्लॉग आहेत आणि तिन्ही मिळून वाचक चार. त्यांतले तीन आम्हीच. चौथा दुबईत असतो असं आकडेवारीवरून दिसतं. तो अवाक्षर लिहीत नाही, पण येतो.

आता चंडोल पत्ता म्हणजे काय ते सांगतो. एकोणीसशे एक्याण्णव साली खोपोलीजवळ 'चंडोल छाप' चिंगम निघत असे. प्रत्येक चिंगमबरोबर एका क्रिकेटपटूचा रंगीत पत्ता मिळे. मोठ्या क्रिकेटपटूंनी कारखान्याच्या पत्रांना उत्तरं न दिल्यानं मालकांनी आपल्याच भागातल्या, टेनिसच्या चेंडूनं खेळणाऱ्या पोरांचे पत्ते काढायचं ठरवलं. चौकच्या मैदानावर टूर्नामेंट चालू असताना एका फोटोग्राफरनं एका दुपारीत अठ्ठेचाळीस फोटो उरकले. टोपी एकच होती. त्यामुळे एकतीस खेळाडूंच्या डोक्यावर तीच टोपी आहे आणि उरलेले सतरा जण टोपीची वाट बघताना टिपले गेले आहेत. पत्त्याच्या पाठीमागे खेळाडूची माहिती असे. उदाहरणार्थ: 'विकेट: भरपूर. आवडता पदार्थ: चंडोल चिंगम.' (अठ्ठेचाळीसही खेळाडूंचा आवडता पदार्थ हाच आहे. संशोधकांना यात अद्याप विसंगती आढळलेली नाही.) पोरं पत्ता ठेवून चिंगम फेकून देत. दोन वर्षांत कारखाना बंद पडला. चिंगम काही ठिकाणी अजून चिकटलेलं सापडतं, पत्ते मात्र दुर्मीळ झाले.

पत्ते जमवणं हा छंद झाला. ते एकमेकांना देणं ही संस्कृती, आणि ती आमच्याकडे नम्रतानं आणली. अमेरिकेत म्हणे बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्याचे जुने पत्ते जमवणारे लोक आपापल्या ब्लॉगवर लिहितात आणि कोणी न मागता एकमेकांना पत्त्यांची पाकिटं पाठवतात. ज्याला पाकीट येतं तो गहिवरून लेख लिहितो आणि उलट पाकीट पाठवतो. नम्रतानं हे वाचलं आणि पहिल्याच सभेत म्हणाली, "आपण का नाही करायचं? आपण काय कमी दिलदार आहोत?" कोणीही कमी नसल्यानं ठराव एकमतानं मंजूर झाला.

नियम मी लिहिले. पाकीट अनपेक्षित असावं (घरी कोणीतरी असावं म्हणून एक दिवस आधी फोन करावा). पाकीट टपालानंच पाठवावं, हातात देऊ नये, कारण हातात दिल्यावर शिक्का उठत नाही. घेणाऱ्यानं अठ्ठेचाळीस तासांत 'मी याला पात्र नाही' या आशयाचा लेख लिहावा. परतीचं पाकीट आलेल्या पाकिटापेक्षा थोडं जड असावं. पहिल्या वर्षात एकशे अठरा पाकिटांची देवाणघेवाण झाली. बाहेरून आलेले नवे पत्ते: शून्य. म्हणजे तेच पत्ते शेलू, चौक आणि भिवपुरी असे फिरत राहिले आणि दरवेळी आम्ही नव्यानं भारावून गेलो. एकदा नम्रताला तिचंच पाकीट तिच्याच चिकटपट्टीसकट परत मिळालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं ब्लॉगवर टाकलं.

या सगळ्यात मुकुटमणी म्हणजे एक्केचाळीस नंबर. वाघ्या दरवडा, डोंगराकडच्या वाडीतला डावखुरा जलद गोलंदाज. छपाईच्या मोठ्या कागदावर हा पत्ता अगदी कडेला होता, त्यामुळे बहुतेक प्रती कातरणात गेल्या. आज ज्ञात असलेली प्रत एकच. आबाजींना ती दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या ट्रकच्या सीटखाली सापडली. चौथ्याच दिवशी त्यांनी ती नम्रताला पाठवली, कारण दुसऱ्याला द्यायला याहून मोठं काही त्यांच्याकडे नव्हतं. नम्रताकडे उलट पाठवायला याहून मोठं काही नव्हतं, म्हणून तिनं ती मला पाठवली. मी आबाजींना. शेवटी नियम करावा लागला की एक्केचाळीस नंबर कोणाकडेही तीस दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दोन वर्षांत तो चोवीस वेळा दान झाला. एकाच पत्त्यानं तीन माणसांना चोवीस वेळा कर्ण केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

या पत्त्याचं आणखी एक वैशिष्ट्य होतं: 'पिवळा डाग'. वाघ्या चेंडू टाकायला धावतोय, आणि डाव्या कडेला, मैदानाच्या टोकाला, नखाएवढा पिवळा ठिपका. छपाईतला दोष. आम्हा लोकांत दोषाला गुणापेक्षा जास्त मान असतो. आबाजींनी आपल्या ब्लॉगवर 'पिवळ्या डागाची उपपत्ती' ही लेखमाला तीन भागांत लिहिली आणि शाई गळाली असावी असं सिद्ध केलं. नम्रताच्या मते ती कोणाच्या तरी बोटाची हळद होती. यावरून त्या दोघांत सात महिने अत्यंत उदार शब्दांत भांडण चालू होतं.

मी जुन्या वळणाचा माणूस. ब्लॉगवर काही लिहिलं की ते कागदावर काढून फाइलला लावल्याशिवाय मला लिहिल्यासारखं वाटत नाही. कर्जतला स्टेशनजवळ एका फोटो-झेरॉक्सच्या दुकानात मी दोन वर्षं प्रिंट काढत होतो. तिथं काम करणाऱ्या बाई बहुतेकदा पाठमोऱ्या असत. एका मंगळवारी त्या एक्केचाळीस नंबरवरच्या माझ्या लेखाचा कागद मशीनमधून काढता काढता थांबल्या आणि वळल्या. वय तिशीच्या थोडं पुढं.

"काका, ह्यो फोटू कुठला?"

"हा पत्ता क्रमांक एक्केचाळीस. चंडोल. एकमेव."

"ह्यो माजा बा हाय."

"अभिनंदन," मी म्हणालो. (अशा प्रसंगी काय म्हणावं याबाबत कोणतीही सूचना उपलब्ध नाही.)

त्यांचं नाव सोमी. त्यांनी कागद उजेडात धरला. डाव्या कडेला आमच्या मंडळाचा आडवा शिक्का होता. कोणी चित्र उचलू नये म्हणून ब्लॉगवरच्या प्रत्येक चित्रावर तो असतो, आणि एक्केचाळीस नंबरवर तो बरोबर पिवळ्या डागावर बसवलेला आहे, कारण चोर आधी तेच उचलणार.

"हितं शिक्क्याखाली काय हाय?"

"डाग आहे. पिवळा. छपाईतला दोष."

सोमींनी कागद मशीनवर ठेवला आणि पुन्हा उचलला. मागे एक गृहस्थ पासपोर्टचे फोटो घ्यायला ताटकळले होते, ते खाकरले.

"बा सांगतो," त्या म्हणाल्या, "त्या दिशी आई चौकला मोळी इकाया आलती आन् मैदानाच्या कडंला हुबी व्हती. पिवळ्या लुगड्यात. मी दीड वर्साची व्हते तवा गेली ती, तापानं. एक बी फोटू नाय तिचा. आधार यायच्या आधी गेली ना, म्हून सरकारकडं बी नाय तिचं तोंड." मग म्हणाल्या, "खरा पत्ता पाच मिन्टं माज्या मशीनवर ठेवू द्या, काका. दुसरं काय नको."

मी विषय सभेपुढे ठेवण्याचं आश्वासन दिलं.

सभा आबाजींच्या गॅरेजमध्ये भरली. पत्ता त्या महिन्यात नम्रताकडे होता. पुढला महिना माझा होता आणि त्यासाठीचा 'मी याला पात्र नाही' मी आधीच लिहून ठेवला होता, हे प्रांजळपणे नमूद करतो. आबाजी म्हणाले, "मशीनचा दिवा कडक असतो. पाच मिनिटांत रंग उडला तर?" नम्रताचा आक्षेप अधिक मूलगामी होता. ती म्हणाली, "काका, नुसतं स्कॅन करू देणं हे औदार्य नाहीच. ती सोय झाली. आपण सोयी पुरवणारे लोक आहोत का?"

आम्ही सोयी पुरवणारे लोक नसल्यानं ही विनंती आमच्या दर्जापेक्षा लहान ठरवून फेटाळण्यात आली, आणि त्याऐवजी वाघ्या दरवडा यांना अख्खा पत्ताच समारंभपूर्वक भेट द्यावा असं ठरलं. हा निर्णय घेतल्यावर तिघांनाही आपल्याबद्दल फार बरं वाटलं. मग अडचणी लक्षात आल्या. पत्ता फक्त सभासदालाच देता येतो. म्हणून वाघ्यांना सभासद करणं आलं. सभासदाचा ब्लॉग असावा लागतो. म्हणून त्यांचा ब्लॉग मी काढला आणि त्यावर 'नमस्कार' एवढा एक लेख लिहिला. दुसऱ्या दिवशी चार वाचक येऊन गेले (दुबई धरून). मग बॅनर, मग बॅनरवर कोणाचा फोटो मोठा यावर चर्चा. माझा पुढला महिना हुकला, त्यावर मी 'त्यागाविषयी थोडेसे' हा लेख लिहिला, त्यास दोन प्रतिक्रिया आल्या. पाच मिनिटांचं काम अशा रीतीनं पाच आठवड्यांत मार्गी लागलं. माझ्या नोकरीतल्या अनुभवाच्या मानानं हा वेग उल्लेखनीय आहे.

गॅरेजमधल्या समारंभाला वाघ्या सोमीबरोबर आले. साठीला टेकलेले, काटक, पांढरा सदरा, पायांत पावसाळी प्लॅस्टिकच्या चपला. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली. आबाजींनी तो बघून मला कोपरानं ढोसलं, "बघा, गोलंदाजाचा खांदा." नंतर कळलं की तो लाकडं वाहून झालेला आहे.

पाकीट अनपेक्षित असावं या नियमानुसार ते त्यांना अचानक देण्यात आलं. नम्रताच्या मोबाइलमध्ये जागा संपल्यानं ते परत घेऊन पुन्हा एकदा अचानक देण्यात आलं. वाघ्यांनी पाकीट फोडलं. पत्ता हातावर घेतला, लांब धरला, जवळ आणला. आबाजींनी भिंग पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"बुधी," ते म्हणाले.

"तुमची धाव बघा काय लांबलचक आहे," आबाजी म्हणाले. "किती पावलांची होती?"

"ही बुधी हाय," वाघ्या पुन्हा म्हणाले, आमच्यापैकी कोणाकडेच न बघता. "मोळी इकून झालती तिची. मी म्हनलं जा घरला, उनाची हुबी ऱ्हाऊ नको. नाय गेली. म्हनली, एक डाव बघते." सोमी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांनी पदराची कड दातांत धरली होती.

कार्यक्रमपत्रिकेत शांततेसाठी वेळ राखलेला नसल्यानं मी पुढचा विषय घेतला आणि तीस दिवसांचा नियम वाचून दाखवला. वाघ्यांनी तो नीट ऐकला.

"म्हंजे माजा फोटू परत द्याचा?"

"परत नाही. पुढं. कार्यवाहांना, म्हणजे मला."

"आन् हिचा?"

"हिचा म्हणजे?"

"पत्त्यावर नाव कुनाचं हाय?"

"तुमचं. वाघ्या दरवडा."

"बुधीचं नाय कुटं?"

मी पत्ता उलटून सुलटून पाहिला. "नाही," मी म्हणालो. "नोंदीप्रमाणे तो छपाईतला दोष आहे."

"बरं," वाघ्या म्हणाले आणि पत्ता सदऱ्याच्या खिशात ठेवून खिशावर हात ठेवला. नम्रतानं त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते म्हणाले, "बरं झालं." हे दोनच शब्द होते.

पुढचे तीस दिवस मंडळाच्या इतिहासात खडतर गेले. पत्ता आमच्याकडे नसल्यानं भारावून जाण्यासारखं काही उरलं नाही. आबाजींनी मला बावीस नंबर पाठवला, मी गहिवरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. विसाव्या आणि पंचविसाव्या दिवशी मी वाघ्यांना स्मरणपत्रं पाठवली. ती त्यांच्या ब्लॉगवर टाकली, आणि तो ब्लॉग मीच चालवत असल्यानं मला वेळेवर मिळाली.

एकोणतिसाव्या दिवशी टपालानं पाकीट आलं. नियमाप्रमाणे शिक्का होता. आत पत्ता होता आणि एक चिठ्ठी.

पत्त्याची डावी बाजू नव्हती.

वरपासून खालपर्यंत एक उभी पट्टी पोलादी फूटपट्टी लावून ब्लेडनं कापून घेतली होती. उरलेल्या भागात वाघ्या धावत होते, टोपीशिवाय, चेंडू डाव्या हातात. 'पत्ता कापला' हे शब्द मी छत्तीस वर्षं कार्यालयात इतरांच्या बाबतीत, कधी आनंदानं, वापरत आलो. हातात कापलेला पत्ता धरून उभं राहायची ही पहिलीच वेळ.

चिठ्ठी सोमींची होती, दुकानात बसून लिहिल्यासारखी सुवाच्य. ती मी आवक क्रमांक घालून फाइलला लावली आहे. मजकूर असा:

'काका, नमस्कार. मी दुकानात पत्ता स्कॅन करून मोठा केला होता. पण मोठा केला की नुसते ठिपके होतात, पिवळे आणि तांबडे. आणखी मोठा केला तर काहीच राहत नाही. पत्त्याएवढा लहान असतो तेव्हाच आई दिसते. म्हणून पत्ताच लागत होता. बा म्हणतो, माझा फोटो त्यांना नियमाप्रमाणे देऊन टाक, मला माझा काय करायचा. आईचं नाव तुमच्या नोंदीत नव्हतं म्हणून ती ठेवून घेतली. घेणाऱ्यानं मी याला पात्र नाही असं लिहायचं असतं असं तुम्ही सांगितलं होतं. बा म्हणतो, तसं लिहू नका. तुम्ही पात्र आहात. सोमी.'

तातडीची सभा बोलावली. नम्रता रजा टाकून आली. आबाजींनी व्हर्नियर काढून उरलेला पत्ता मोजला आणि हिशेब केला: पट्टी चौदा मिलिमीटर, वर-खाली केसाचाही फरक नाही. "हात पक्का आहे पोरीचा," ते म्हणाले. मग ते टायरवर बसले. "मी बारा वेळा भिंग लावून बघितलं," ते म्हणाले. "बारा वेळा. बाई उभी होती तिथं. मी शाई म्हणालो. तीन भाग लिहिले." ते उठले आणि मोरीवर जाऊन साबणानं हात धुवू लागले. त्या दिवशी त्यांनी एकही गाडी उघडलेली नव्हती.

नम्रता रडली. अगदी खरी रडली, मोबाइल पर्समध्ये असताना. मग तिनं नाक पुसलं, पत्ता उजेडात धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटू लागलं.

"काका," ती म्हणाली, "पण हा आता आणखीच दुर्मीळ झाला ना?"

आम्ही दोघांनी नाही म्हणायचा प्रयत्न केला. खोटं बोलणं जमलं नाही. अखंड एक्केचाळीस नंबर पूर्वी कातरणात तरी गेले होते, कुठेतरी आणखी एखादा निघण्याची शक्यता होती. खुद्द खेळाडूनं बायको काढून घेतलेला पत्ता मात्र दुसरा निघणं शक्य नाही. त्याच सभेत त्याला '४१-अ' असा दर्जा देण्यात आला. आबाजींनी हात पुसले आणि लेखमालेचा चौथा भाग जाहीर केला.

४१-अ असेल तर ४१-ब असणार. हे गणित आहे, यात कोणाचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही ब्लॉगांवरच्या 'हवे आहेत' या यादीत पहिल्या क्रमांकावर एकच ओळ होती: 'बुधी, १४ × ८५ मि.मी., कोणत्याही स्थितीत चालेल.'

ती बाई आम्ही फुकट मागणार नव्हतो, हे स्पष्ट करणं आवश्यक आहे. एक्केचाळीस सोडून उरलेले सत्तेचाळीस पत्ते आम्ही तिघांनी आपापल्या संग्रहातून काढले, एकत्र बांधले, वर रिबीन लावली. जिच्याकडे आईचा चौदा मिलिमीटरचा तुकडा आहे तिला सत्तेचाळीस अनोळखी पुरुषांचे फोटो मिळाले तर तिला केवढा आनंद होईल, या कल्पनेनं आम्ही वाटेत सद्गदित होतो. रविवार होता. आबाजींचा टेंपो होता. कशेळ्याच्या पुढं डांबर संपलं तिथं एक बाई काकड्या आणि शिराळी घेऊन बसल्या होत्या. आबाजींनी टेंपो थांबवला.

"मावशी, वाडी कुठं आली?"

"कंची वाडी?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"डोंगराजवळची," नम्रता म्हणाली.

"समद्याच डोंगराजवळ हाईत गं बाय."

"वाघ्याची," आबाजी म्हणाले.

"वाघ्ये लय हाईत."

"डावखुरा आहे."

"आमी काय हात बगून हाक मारतो व्हय रं?" बाई म्हणाल्या. त्यांना आमची थोडी दया आली असावी, कारण त्यांनी एक काकडी नम्रताच्या हातात दिली. "पत्ता नाय का काय तुमच्याकडं?"

"आहे की," मी म्हणालो, आणि प्लॅस्टिकच्या जाड वेष्टनातून ४१-अ काढून त्यांच्यापुढं धरला.

बाईंनी तो पाहिला. मागून पाहिला. "ह्यो फोटू हाय," त्या म्हणाल्या. "पत्ता कुटं हाय?"

फाइल मी बरोबर ठेवतोच. टेंपोत बसून वाघ्यांचा सभासदत्वाचा अर्ज काढला. नाव: वाघ्या दरवडा. छंद: गोलंदाजी. पत्ता: या रकान्यात माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं, 'क्र. ४१, कोपरे उत्तम.' आम्ही टेंपो वळवला. काकडी चांगली होती.

मंगळवारी मी कर्जतला दुकानात गेलो. सोमी मशीनमध्ये अडकलेला कागद काढत होत्या.

"वाडीचं नाव विचारायचं राहून गेलं," मी म्हणालो.

त्यांनी कागद पूर्ण निघेपर्यंत मान वर केली नाही. "दोन वर्सं माज्याकडं कागद काढताय, काका. बाचा फॉरम तुमी भरलाव. बॅनरवर त्याचं नाव टाकलंव. आता इचारताय?"

"हो."

"कशापायी?"

"भेट द्यायची होती."

"पट्टी पायजेल का?"

मी हो म्हणालो. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी करूनही ऐन वेळी मला थाप मारता आली नाही.

सोमी हसल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "ती बाच्या पानाच्या डबीत हाय," त्या म्हणाल्या. "झाकनाला आतून चिकटवलीय. दिसातून दहा येळा पान खातो, आता ईस येळा खायला लागलाय. दात गेलं तरी चालंल म्हनतो. नाय मिळायची."

"बरं. मग नाव तरी सांगा. नोंदीला."

"तुमचं वाचनारी मानसं हाईत ना? लय जीव लावून वाचत्यात म्हनं." त्यांनी निघालेला कागद सरळ करून टेबलावर ठेवला. "त्यांच्यातल्या एकानं जरी इचारलं ना, कंची वाडी म्हून, तर सांगीन."

म्हणून हा सगळा वृत्तान्त मी काही न लपवता लिहिला आणि ब्लॉगवर टाकला. तीन प्रतिक्रिया आल्या. नम्रतानं लिहिलं, 'हृदयस्पर्शी.' आबाजींनी लिहिलं, 'पट्टीची जाडी नमूद नाही.' तिसरी प्रतिक्रिया दुबईहून होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तोंड उघडलं होतं, त्यामुळे मी मोठ्या आशेनं वाचायला घेतली. त्यानं विचारलं होतं, '४१-अ बदलायचा आहे का?'

आता आपण उरलात. आपण अगदी इथवर आलात. पत्त्याचा क्रमांक आपल्याला पाठ आहे, पट्टी किती मिलिमीटरची तेही न बघता सांगाल. मधे एका ठिकाणी आपला गळा थोडा दाटून आला असावा, त्याबद्दल मंडळ आपलं आभारी आहे. वाडीचं नाव मी या संपूर्ण मजकुरात एकदाही लिहिलेलं नाही, आणि त्या काकडीवाल्या मावशींनी विचारेपर्यंत ते आपल्यालाही हवं झालं नव्हतं. सभासदत्वाला एवढी पात्रता पुरते. कृपया अर्ज करावा.